हाताखालचे मदतनीस

गेल्या वर्षी श्रावण संपता संपता माझ्या हातून एक चूक झाली. हा लेख त्या चुकीतून निघाला आहे, म्हणून आधी तीच सांगतो.

आमच्या तालुक्याच्या गावी वाचनालयात ग्रंथपाल म्हणून उभी नोकरी केलेल्या एक बाई निवृत्तीनंतर दिवाळी अंकांची सूची करत आहेत. का. र. मित्र यांच्या ‘मनोरंजन’ने १९०९ साली पहिला दिवाळी अंक काढला. तेव्हापासूनचे सगळे अंक काही आमच्या वाचनालयात नाहीत. पण माळ्यावरच्या पेट्यांत जे टिकून राहिले, त्यांतल्या प्रत्येक लेखाची, कथेची, कवितेची एक ओळ करायची, असे बाईंनी ठरवले: लेखक, शीर्षक, अंक, वर्ष, पान. आधी हे सारे वह्यांत होते. मग बाईंच्या भाचीने वह्या संगणकावर उतरवल्या. साध्या मजकुराची एक फाइल, सुमारे नऊ हजार ओळी.

“ही लेखकवार लावून दे. तुला तेवढं येत असेलच,” बाई म्हणाल्या. लहानपणी याच बाईंनी मला एका वेळी दोनऐवजी तीन पुस्तके नेऊ दिली होती. शिवाय प्रोग्राम लिहिणे हा माझा पोटापाण्याचा धंदा. अर्ध्या तासात जावास्क्रिप्टच्या चाळीस ओळी लिहिल्या, यादी लावून दिली आणि विसरून गेलो.

बाई विसरल्या नव्हत्या. त्यांनी मूळ फाइल घेऊन श्रावणभर एकेक अंक पुन्हा उघडला. चुकलेली पाने, गळलेली नावे, भलत्याच वर्षी पडलेले अंक हे सारे दुरुस्त करून त्या पेन ड्राइव्ह घेऊन माझ्याकडे आल्या. मी तोच प्रोग्राम पुन्हा चालवला. त्याला दोन फाइलींची नावे द्यायची होती. आधी जिच्यातून वाचायचे ती, मग जिच्यात लिहायचे ती. मी नावे उलटी दिली. प्रोग्रामने महिन्यापूर्वीची जुनी यादी वाचली आणि बाईंच्या दुरुस्त फाइलीवर नेऊन ठेवली. प्रश्न नाही, इशारा नाही. पेन ड्राइव्हवरची ती एकच प्रत होती.

सांगणे भागच होते. बाई थोडा वेळ गप्प राहिल्या. मग एवढेच म्हणाल्या, “वहीत असं होत नाही रे. वहीत खोडलेलंसुद्धा खाली दिसतं.”

काळी खिडकी

ही चूक जिथे झाली ती जागा वाचकांपैकी बऱ्याच जणांनी पाहिली नसेल. संगणकावर एक साधी खिडकी असते. तिच्यात चित्रे नसतात, बटणे नसतात. एक ओळ लिहायची, एंटर दाबायचे आणि संगणक ती आज्ञा पाळतो. हिला कमांड लाइन म्हणतात, आणि तिथे चालवायच्या लहान प्रोग्रामांना कमांड लाइनची साधने. ही पद्धत जुनी आहे. अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये १९६९ पासून घडत गेलेल्या युनिक्स प्रणालीने तिला शिस्त लावली. एका साधनाने एकच काम नीट करावे, आणि एकाचे उत्तर दुसऱ्याला पुरवता यावे, हा तिथला विचार. डग मॅकिलरॉय यांनी १९६४ मध्येच एका टिपणात बागेतल्या पाण्याच्या नळ्यांसारखे प्रोग्राम एकमेकांना जोडता यावेत, अशी कल्पना मांडली होती. १९७३ मध्ये ती युनिक्समध्ये ‘पाइप’ या नावाने उतरली.

जावास्क्रिप्ट या घराण्यातली नव्हे. ब्रेंडन आइक यांनी १९९५ मध्ये नेटस्केप कंपनीत तिचा पहिला आराखडा दहाएक दिवसांत उभा केला, तो ब्राउझरमधली पाने हलती-बोलती करण्यासाठी. ब्राउझरने तिला कुंपणात ठेवले होते. वाचणाऱ्याच्या संगणकावरच्या फाइलींना तिने मनाला येईल तसा हात लावू नये, ही सक्त ताकीद. २००९ मध्ये रायन डाल यांनी नोड.जेएस आणले. त्यांनी क्रोम ब्राउझरमधले व्ही-८ हे इंजिन घेतले आणि जावास्क्रिप्टला कुंपणाबाहेर काढले. आता ती फाइली वाचू शकते, लिहू शकते, पुसूही शकते. अंगणात खेळणाऱ्या मुलाच्या हाती घराच्या किल्ल्या दिल्यासारखे हे झाले. किल्ल्यांबरोबर जी जबाबदारी यायला हवी, ती मात्र भाषेने आपणहून दिली नाही. फाइल लिहिण्याची नोडमधली साधी आज्ञा त्या नावाची फाइल आधीपासून असली तर ती बेलाशक पुसून तिच्या जागी नवी लिहिते. माझ्या चाळीस ओळींत हीच आज्ञा होती.

कपाटातल्या फिती

हेल्पर फंक्शन म्हणजे मदतनीस. वारंवार लागणारे एखादे लहान काम एकदाच नीट लिहायचे, त्याला नाव द्यायचे आणि पुढे लागेल तिथे केवळ नाव घ्यायचे. स्वयंपाकात आपण ‘फोडणी द्या’ म्हणतो तसेच. तेल किती तापवावे, मोहरी तडतडल्यावर हिंग केव्हा घालावे, हे दर पाककृतीत कुणी लिहीत नाही.

ही कल्पना जवळपास संगणकाइतकीच जुनी आहे. केंब्रिज विद्यापीठात मॉरिस विल्क्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बांधलेला एडसॅक हा संगणक मे १९४९ मध्ये चालू झाला. त्याचे प्रोग्राम कागदी फितींवर भोके पाडून लिहीत. थोड्याच दिवसांत विल्क्स यांना उमगले की आपल्या उरलेल्या आयुष्याचा बराच भाग स्वतःच्याच प्रोग्रामांतल्या चुका शोधण्यात जाणार आहे. पुढे आत्मचरित्रात त्यांनी हे मोकळेपणाने लिहून ठेवले. यावर त्यांच्या गटाने काढलेला तोडगा म्हणजे तपासून घेतलेल्या लहान तुकड्यांचा संग्रह. वर्गमूळ काढणे, आकडे छापणे अशा कामांच्या फिती कपाटात लावून ठेवलेल्या असत. प्रोग्राम लिहिणारा हवी ती फीत काढून तिची नक्कल आपल्या फितीत उतरवून घेई. अशा तुकड्याकडे जायचे कसे आणि तिथून परत यायचे कसे, याची युक्ती डेव्हिड व्हीलर या तरुण संशोधकाची. विल्क्स, व्हीलर आणि स्टॅनली गिल यांनी १९५१ मध्ये यावर पुस्तक लिहिले. प्रोग्रामिंगवरच्या अगदी पहिल्या पुस्तकांत त्याची गणना होते.

या इतिहासातली एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. फितींचा संग्रह श्रम वाचवण्यासाठी होता हे खरे, पण त्याहून अधिक तो चुका कमी करण्यासाठी होता. एकदा नीट तपासलेले काम पुन्हा हाताने करायचे नाही, कारण पुन्हा करताना हात चुकतो. आज मदतनीस फंक्शनांची शिफारस करताना ‘टायपिंग वाचते’ असे सांगितले जाते. ती बाजू गौण आहे. मदतनिसात आपण सावधगिरी साठवतो. थकलेल्या, घाईतल्या, दुसरीकडे लक्ष असलेल्या माणसाला ती आयती मिळावी म्हणून.

माझी वही

बाई गेल्यावर मी ते चाळीस ओळींचे साधन पुन्हा लिहायला घेतले. फंक्शनांना नावे मराठीत दिली. हे करता येते, याचे अनेक प्रोग्रामरांनाही नवल वाटते. जावास्क्रिप्टचे आज्ञाशब्द इंग्रजी आहेत, पण आपण ठेवायची नावे देवनागरीत असलेली तिला चालतात, अगदी जोडाक्षरांसह. तेव्हा माझ्या मदतनिसांची नावे अशी झाली: पर्याय, ओळी, अंक, क्रम, जपूनलिही आणि चालव.

‘पर्याय’ माझ्या मूळ चुकीवरचा उपाय आहे. नोडमध्ये कमांड लाइनवर लिहिलेले शब्द एका यादीत येतात. यादीची मोजणी शून्यापासून. शून्याव्या जागी नोडचा स्वतःचा पत्ता, पहिल्या जागी आपल्या प्रोग्रामचा, आणि माणसाने लिहिलेला पहिला शब्द दुसऱ्या जागी. म्हणजे साधनाला फक्त जागा कळते, अर्थ कळत नाही. ‘दुसऱ्या जागचे वाच, तिसऱ्या जागी लिही’ एवढेच त्याला ठाऊक. नावे उलटी दिली तर उलटे करतो. ‘पर्याय’ जागांवर विसंबत नाही. स्रोत कोणता आणि फळ कोणते हे त्याला नाव घेऊन सांगावे लागते. सांगितले नाही, किंवा त्याला ठाऊक नसलेला शब्द वापरला, तर तो काम सुरूच करत नाही. यासाठी पूर्वी बाहेरची पॅकेजे वापरावी लागत. २०२२ पासून नोडमध्येच याची सोय आहे, आणि माझा ‘पर्याय’ तिच्यावरच चारसहा ओळींत उभा आहे.

‘जपूनलिही’ सर्वांत लहान असूनही मला सर्वांत मोलाचा वाटतो. तो तीन गोष्टी करतो. त्या नावाची फाइल आधीच असेल तर लिहायला नकार देतो. मुद्दाम परवानगी दिलीच तर आधी जुन्या फाइलीची तारीखवार नक्कल ठेवतो. आणि नवा मजकूर थेट न लिहिता प्रथम तात्पुरत्या नावाच्या फाइलीत लिहितो आणि सगळा लिहून झाल्यावरच तिचे नाव बदलतो. शेवटची गोष्ट नवख्याला निरर्थक वाटेल. पण लिहिता लिहिता वीज गेली तर थेट लिहिलेली फाइल अर्धवट राहते. जुनी गेलेली आणि नवी अपुरी. युनिक्स वळणाच्या यंत्रणांवर एकाच डिस्कवरचे नाव बदलणे एका फटक्यात होते. तेव्हा कोणत्याही क्षणी त्या नावाखाली एक तर पूर्ण जुनी फाइल असते किंवा पूर्ण नवी. बाईंच्या वहीतले ‘खोडलेलंसुद्धा खाली दिसतं’ ते एवढ्याने साधले.

‘ओळी’ हा मदतनीस फाइल वाचून तिच्या ओळी करून देतो. काम किरकोळ दिसते, पण मराठी मजकुराची खरी गंमत इथे आहे. विंडोजवर लिहिलेल्या फाइलीत ओळीच्या शेवटी दोन अदृश्य चिन्हे असतात, इतरत्र एक. फाइलीच्या आरंभीही कधी कधी एक अदृश्य खूण असते. ती तशीच राहिली तर पहिल्या ओळीतला लेखक बाकी ठिकाणच्या त्याच लेखकाशी जुळत नाही. याहून अवघड म्हणजे दिसायला सारखे आणि आतून वेगळे असे शब्द. ‘तऱ्हा’ हा शब्दच दोन तऱ्हांनी लिहिता येतो: एकदा खाली नुक्ता धरलेल्या ऱ चा वापर करून, एकदा साधा र, हलन्त आणि त्यांच्यामागे एक अदृश्य जोडचिन्ह घालून. डोळ्यांना दोन्ही एकच, संगणकाला दोन शब्द. ‘ॲ’चेही तसेच. तो एका संकेतांकाचा असतो, नाही तर ‘अ’वर वेगळी चंद्रकोर देऊन केलेला. युनिकोडचे सर्वसाधारण समानीकरण या जोड्या एक करत नाही. बाईंच्या भाचीने अर्धी यादी घरच्या संगणकावर आणि अर्धी मोबाइलवर टंकली होती, त्यामुळे एकच आडनाव सूचीत दोन ठिकाणी दोन लेखक होऊन बसले होते. ‘ओळी’ आता या साऱ्या जोड्या वाचतानाच एक करतो. पुढच्या कुठल्याही फंक्शनाला त्याची काळजी करावी लागत नाही.

‘अंक’ देवनागरी आकडे ओळखतो. जावास्क्रिप्टला ‘१९६५’ ही संख्या वाटत नाही. तिचे संख्येत रूपांतर करायला सांगितले तर उत्तर येते, ‘हा अंक नव्हे’. दिवाळी अंकांची सूची करताना हे उत्तर वाचून मी एकटाच हसलो होतो. देवनागरी अंक युनिकोडमध्ये ओळीने बसवलेले आहेत. त्यामुळे प्रत्येकाच्या संकेतांकातून शून्याचा संकेतांक वजा केला की काम झाले. एका ओळीचा मदतनीस. पण तो नसता तर वर्षांचा क्रम चुकलाच असता.

‘क्रम’चे दुखणे वेगळे. भाषेची साधी क्रमवारी संकेतांकांवर चालते. त्या हिशेबात ‘ळ’ हा ‘ल’च्या मागोमाग येतो, ‘क्ष’ क-वर्णात आणि ‘ज्ञ’ ज-वर्णात मिसळून जातात. आपली वर्णमाला मात्र ह, ळ, क्ष, ज्ञ अशी संपते. जावास्क्रिप्टमध्ये भाषेनुसार क्रम लावण्याची सोय आहे, पण बाईंना वाचनालयाच्या जुन्या कार्डांचाच क्रम हवा होता. तो त्यांनी कागदावर लिहून दिला, आणि मी तो ‘क्रम’मध्ये जसाच्या तसा उतरवला.

उरला ‘चालव’. यात मी एकदा चुकून मग सुधारलो. आधी प्रत्येक मदतनीस काही बिघडले की स्वतःच प्रोग्राम बंद करत असे. वाटायला सोयीचे. पण मग दहा फाइलींपैकी एक वाचता आली नाही तर उरलेल्या नऊ कशा करायच्या? हाताखालच्या माणसाने अडचण सांगावी. दुकान बंद करायचे की नाही हे मालकाने ठरवावे. म्हणून आता मदतनीस केवळ चूक वर कळवतात आणि ‘चालव’ एकटाच निर्णय घेतो. तो चुकीचा संदेश उत्तराच्या वाटेने न पाठवता चुकांसाठी राखलेल्या वेगळ्या वाटेने पाठवतो. या दोन वाटा युनिक्सपासून चालत आल्या आहेत. त्या वेगळ्या ठेवल्या नाहीत तर ‘फाइल सापडली नाही’ हे वाक्य उत्तराबरोबर यादीत शिरते आणि पुढच्या साधनाकडून ‘फ’मधला एक लेखक म्हणून क्रमाला लावले जाते. शेवटी ‘चालव’ यंत्रणेला एक आकडा कळवतो. शून्य म्हणजे सारे ठीक, दुसरे काही म्हणजे बिघाड. प्रोग्राम तडकाफडकी बंद केला तर काही यंत्रणांवर बाहेर पडणारा मजकूर अर्ध्यावरच तुटतो. त्यामुळे ‘चालव’ फक्त आकडा नोंदवून ठेवतो आणि काम आपोआप संपू देतो.

अकरा ओळींची उधारी

इथपर्यंत वाचून कुणी विचारील, हे सगळे स्वतः कशाला लिहायचे? जगभरच्या लोकांनी लिहिलेले मदतनीस एनपीएम या भांडारात फुकट मिळतात. खरे आहे, आणि मीही रोज वापरतो. पण मार्च २०१६ मधली एक घटना या क्षेत्रातल्या लोकांच्या अजून लक्षात आहे.

अझेर कोचुलू या प्रोग्रामरच्या ‘किक’ नावाच्या पॅकेजावरून त्याच नावाच्या कंपनीशी वाद झाला. एनपीएमने नाव कंपनीला दिले. रागावलेल्या कोचुलूंनी आपली सगळी, म्हणजे अडीचशेहून अधिक पॅकेजे भांडारातून काढून घेतली. त्यांत ‘लेफ्ट-पॅड’ नावाचे एक होते. अकरा ओळींचा मदतनीस. काम एवढेच, की शब्दाच्या डावीकडे रिकाम्या जागा भरून तो ठरावीक लांबीचा करायचा. जगातले असंख्य मोठे प्रकल्प थेट किंवा इतरांच्या मार्फत त्यावर विसंबून होते. त्यांतल्या अनेकांना ते आपल्या घरात आहे हेही माहीत नव्हते. त्यांची बांधणी एकाएकी थांबली. एनपीएमला काही तासांतच ते पॅकेज परत ठेवावे लागले, आणि पुढे पॅकेज काढून घेण्याचे नियमही बदलले. २०१७ मध्ये हे काम करणारी सोय जावास्क्रिप्टच्या अधिकृत मानकातच आली.

या गोष्टीचे तात्पर्य ‘उसने घेऊ नका’ असे मी काढत नाही. केंब्रिजच्या कपाटातल्या फितीही एका अर्थी उसन्याच होत्या. फरक एवढा, की तिथे फितीची नक्कल आपल्याकडे उतरवून घेत, आणि ती कुणी लिहिली हे माहीत असे. उसना मदतनीस घेताना आपण त्याच्या मालकावर आणि त्याच्या समजुतींवर विश्वास टाकत असतो. समजुतींचा मुद्दा मराठीला विशेष लागू पडतो. अधिकृत मानकातल्या त्या सोयीलाही ‘स्त्री’ या एका अक्षराची लांबी सहा वाटते, कारण ती स, हलन्त, त, हलन्त, र आणि दीर्घ ईकार असे सुटे भाग मोजते. इंग्रजी यादीचे रकाने ज्या मदतनिसाने रेषेत येतात, त्यानेच मराठीचे वेडेवाकडे होतात. दिसणारी अक्षरे मोजण्याचे साधनही आता भाषेत आहे. पण देवनागरी अक्षरांची रुंदीच सारखी नसते, तेव्हा रकान्यांचे काम मी शेवटी टॅबवर सोपवले. मदतनीस कुणाच्या सवयींतून घडला आहे, हे पाहिल्याशिवाय त्याच्यावर विसंबू नये, एवढे यातून शिकलो.

स्वतःचे मदतनीस लिहितानाही मोह असतोच. दोनदा लागलेल्या कामाचा मी मदतनीस करत नाही. तिसऱ्यांदा लागले की करतो, कारण तोवर त्या कामातले सारखे काय आणि वेगळे काय हे कळलेले असते. आणि एखाद्या मदतनिसाला ‘हे करू नकोस, ते कर’ असे पाच-सहा खुलासे द्यावे लागू लागले, की तो मोडून दोन करतो.

पाहा

काम संपले तेव्हा बाईंना दाखवायला घेऊन गेलो. त्यांनी श्रावणातल्या दुरुस्त्या वह्यांवरून पुन्हा केल्या होत्या. त्याबद्दल त्या काही बोलल्या नाहीत, मीही विषय काढला नाही. मी प्रोग्राम पडद्यावर उघडला. इंग्रजी शब्दांवरून नजर उचलत त्या मराठी नावे वाचत गेल्या. ‘ओळी’, ‘अंक’, ‘क्रम’, ‘जपूनलिही’. “हे बरं लिहिलंस,” त्या म्हणाल्या. मग एका नावावर त्यांचे बोट थांबले. “हे ‘एकनाव’ काय करतं?”

मी जरा अभिमानानेच सांगितले. टोपणनावे एकत्र आणतो. गोविंदाग्रज दिसले की राम गणेश गडकरींच्या खाली, कुसुमाग्रज दिसले की वि. वा. शिरवाडकरांच्या खाली.

“काढून टाक ते,” बाई म्हणाल्या. “कविता गोविंदाग्रजांनी लिहिली. नाटकं गडकऱ्यांनी लिहिली. त्यांनी वेगळं नाव घेतलं ते उगाच नाही. आपण कोण एकत्र करणारे?”

“मग वाचकाला कळणार कसं?”

“तिथे ‘पाहा’ लिहायचं. गोविंदाग्रज, पाहा गडकरी. आणि गडकऱ्यांपाशी उलटं. कुणाच्या बाबतीत लिहायचं ते मी सांगीन.”

मी ‘एकनाव’ खोडला. आता साधनाबरोबर एक छोटी वेगळी फाइल आहे. टोपणनावांच्या जोड्या त्या फाइलीत बाई स्वतः लिहितात. त्यात जे असेल तेवढेच ‘पाहा’ म्हणून छापायचे, याहून अधिक काही प्रोग्रामने करायचे नाही. अदृश्य चिन्हे काढणे, आकडे वाचणे, जुनी प्रत जपणे ही कामे मदतनिसांची; त्यांत मतभेदाला जागा नाही. नाव कुणाचे, हा प्रश्न त्यांच्या कक्षेतला नव्हता. तो मी सोय म्हणून त्यांच्या गळ्यात घातला होता.

मागच्या महिन्यात बाईंनी साधन पहिल्यांदा स्वतः चालवले. भाची शेजारी होती. संध्याकाळी फोन आला.

“अरे, ते म्हणतंय, या नावाची फाइल आधीच आहे, लिहिणार नाही.”

“बरोबर आहे, बाई. नवं नाव द्या, नाहीतर परवानगी द्या. जुनी प्रत ते ठेवून देईल.”

“नवंच देते,” त्या म्हणाल्या.